चौकटीत प्रकार तेवढेच निघाले, मग माळाचं बिघडलं काय?

माळावरची
नमस्कार मंडळी. माझं माहेर सिन्नर तालुक्यातलं, राहते नाशकात, सुट्टीला गावी गेले की माळावर जाऊन पक्षी बघायचा नाद आहे. आमच्या शिवारात एकमेकांना लागून तीन तुकडे आहेत. पहिलं गावचं गायरान, तिथे बारा महिने गुरं नि शेरडं असतात. दुसरा माझ्या चुलत्यांचा राखलेला माळ, त्यात पावसाळाभर जनावर सोडत नाहीत, दिवाळीनंतर गवत कापून पेंढ्या बांधतात आणि मग उरलेल्यावर गुरं फिरवतात. तिसरा तुकडा आधी असाच माळ होता पण काही वर्षांपूर्वी जेसीबी लावून सपाट केला, वरून काळी माती ओतली, ठिबक टाकलं आणि आता तिथे नेपियर (हिरव्या चाऱ्याचं उंच गवत) आहे, दर कापणीनंतर युरिया.

तर मी यंदा बांबूच्या कामट्यांची एक मीटर बाय एक मीटर चौकट बनवली, प्रत्येक तुकड्यात दहा ठिकाणी डोळे मिटून फेकली आणि आत किती प्रकारची झाडोरी दिसते ते मोजलं. नेपियरमध्ये नेपियर, लव्हाळा, कडेला गाजरगवत, संपलं. ते अपेक्षितच होतं. पण गायरानात एका चौकटीत साधारण नऊ-दहा प्रकार आणि राखलेल्या माळात दहा-अकरा! म्हणजे जवळजवळ सारखेच. मी तर धरून चालले होते की गायरान उघडंबोडकं म्हणजे तिथे काहीच नसणार. आता मला कळेना की नुसत्या डोळ्यांना दोन्हीकडे एवढा फरक दिसतो, राखलेल्या माळात तित्तर उठतात, चंडोल गातात, गायरानात टिटवी सोडली तर शांतता, मग चौकटीत तो फरक का येत नाहीये? माझं मोजायला चुकलं का?

नांदूरचीपाखरं
छान धागा ताई, वाचतेय. भोवत्या (माळावरचे शिकारी पक्षी) दिसतात का तुमच्याकडे हिवाळ्यात?

माळावरची
हो, राखलेल्या माळावर दिसतात, गवतावरून अगदी खालून जात असतात. मुक्कामाला कुठे जातात ते माहीत नाही.

वनरक्षक_निवृत्त
ताई, नुसते प्रकार मोजले की नावंही लिहिली? माझी सगळी नोकरी चांदवड, नांदगाव, येवला या पट्ट्यात गेली. साहेब लोक विचारायचे गवत किती, आम्ही सांगायचो गवत कोणतं ते आधी विचारा. चांगल्या माळावर पवन्या असतो, मारवेल असतो, डोंगरी असतं. ही गवतं बहुवर्षायू आणि जनावराच्या आवडीची. गुरं जास्त झाली की सगळ्यात आधी हीच खाल्ली जातात, बी धरायच्या आधीच. मग त्यांच्या जागी कुसळी वाढते कारण एकदा कुसळ आलं की जनावर तोंड लावत नाही. त्याहून ताण वाढला की कुसळीही मागे हटते आणि एका पावसात उगवून वाळून जाणारी बारकी गवतं, टाकळा, तरवड, गाजरगवत असलं न खाण्याजोगं उरतं. शेवटी मुरूम. प्रत्येक पायरीवर तुम्ही चौकट टाकली तर आकडा फार बदलणार नाही कदाचित, पण नावं बदललेली असतील.

माळावरची
काका, नावं लिहिली होती पण मोबाईलमध्ये फोटोसकट विखुरली होती, काल रात्री बसून लावली. तुम्ही म्हणता तसंच आहे. गायरानात हरळी, कुसळी, टाकळा, तरवडाची रोपं, गाजरगवत, रानतुळस, एक-दोन बारकी गवतं ज्यांची नावं मला येत नाहीत. राखलेल्यात पवन्या, मारवेल, डोंगरी, कुंदा, थोडी कुसळी, आणि गवताच्या बुडाशी शेवरा, रानमूग, नीळीच्या जातीचं काहीतरी, मुसळी. म्हणजे आकडा तोच पण माणसं सगळी निराळी.

कुरणवेडा
ताई तुमचं मोजणं चुकलेलं नाही, उलट तुम्ही ज्या प्रश्नावर येऊन थांबलात त्याच्यावर मोठं काम झालंय म्हणून जरा सविस्तर लिहितो. मी वनस्पतीशास्त्राचा विद्यार्थी आहे.

जर्मनीत २००६ पासून तीन भागांत, श्वेबिश आल्ब, हायनिश-ड्यून आणि शोर्फहाइडे-खोरिन, कुरणांचे १५० तुकडे ठरवून त्यांच्यावर सतत नजर ठेवलीये. तिथे प्रत्येक शेतकऱ्याला दरवर्षी विचारतात की कितीदा कापलं, किती जनावरं किती दिवस चारली आणि हेक्टरी नत्र किती टाकलं. हे तिन्ही आकडे त्या भागाच्या सरासरीने भागून एकत्र करतात आणि त्या तुकड्याच्या वापराचा जोर किती ते एका आकड्यात मांडतात. जोर हा शब्द मी मुद्दाम वापरतोय कारण प्रश्न वापर आहे की नाही हा नाहीच, तिथलं प्रत्येक कुरण वापरातलंच आहे.

२०१६ साली त्यातल्या ४,००० पेक्षा जास्त प्रकारच्या जीवांचा हिशोब एकत्र छापून आला, मातीतल्या बुरशी-जिवाणूंपासून वनस्पती, नाकतोडे, कोळी, पक्षी, वटवाघळांपर्यंत. निघालं असं की वापराचा जोर मध्यम वाढला तरी वेगवेगळी कुरणं एकमेकांसारखी दिसायला लागतात. आणि हे एका कुरणातली जातींची संख्या घटली का नाही याच्यावर फारसं अवलंबून नव्हतं. म्हणजे एका तुकड्यात उभं राहून मोजलं तर नुकसान दिसेलच असं नाही, दोन तुकडे शेजारी ठेवून बघितलं की दिसतं. आठवडे बाजाराचं उदाहरण घ्या, दहा गावचे दहा बाजार, प्रत्येकात वीस दुकानं. उद्या प्रत्येक बाजारात वीसच दुकानं राहिली पण सगळीकडे तीच वीस झाली, तर मोजणारा म्हणेल काही बिघडलं नाही, पण घोटीच्या बाजारात जे मिळायचं ते आता कुठेच मिळत नाही.

तुम्ही एक करून बघा. शेजारच्या गावच्या गायरानात आणि शेजारच्या गावच्या राखलेल्या माळातही तीच चौकट टाका, आणि मग गायरानाची गायरानाशी, माळाची माळाशी तुलना करा.

निफाडचा_बागायतदार
मला एक सांगा, जर्मनीचं इथे कसं लागू होणार? तिथे बाराही महिने ओल, आपल्याकडे सिन्नर-येवल्याला पाऊस पाचशे-सहाशे मिमी. आणि ताईंच्या शिवारातल्या त्या नेपियरवाल्याला दोष देऊ नका. माझ्या मेव्हण्याकडे आठ म्हशी आहेत, उन्हाळ्यात विकतचा चारा घेऊन दूध परवडतच नाही, नेपियर लावलं म्हणून धंदा टिकला. माळावरचं गवत पावसाळ्यानंतर वाळलं की त्यात दम नसतो. मी मनापासून विचारतोय, शेतकऱ्याने काय करायचं?

कुरणवेडा
दादा तुमचा पहिला मुद्दा अगदी बरोबर आहे आणि तो सोडून पुढे जाता येत नाही. तिथली बहुतेक कुरणं माणसाने कापली-चारली म्हणून कुरणं आहेत, सोडून दिली तर तिथे जंगल येतं. आपल्याकडे सिन्नर-येवल्याच्या मुरमाड माळावर पातळ माती, आठ महिने कोरडं, वणवा, चराई, या सगळ्यांनी मिळून माळ घडलाय. त्यामुळे आकडे तिथून उचलून इथे लावता येणार नाहीत, पण कारणं बघितली तर इथेही तीच दिसतात.

उदाहरणार्थ खत. इंग्लंडमध्ये रोथॅमस्टेडला १८५६ पासून एकाच कुरणाच्या पट्ट्यांना वेगवेगळं खत घालून ठेवलंय, आजही चालू आहे. बिनखताच्या पट्ट्यात वनस्पतींच्या तीसच्या वर जाती, आणि जिथे वर्षानुवर्षं अमोनियावालं नत्र भरपूर पडलं आणि माती आंबट झाली तिथे दोन-तीन गवतं. आंबट मातीचा मारा वेगळा, पण नुसत्या खतानेही एक-दोन उंच गवतं एवढी माजतात की खालच्यांना ऊन मिळत नाही. २००९ मध्ये एका प्रयोगात खत घातलेल्या गवताच्या बुडाशी दिवे लावून उजेड पुरवला तर जाणाऱ्या जाती टिकल्या. ताईंच्या नेपियरखाली शेवरा का नाही त्याचं एक उत्तर यात आहे.

निफाडचा_बागायतदार
हे उजेडाचं पटलं. द्राक्षाच्या मांडवाखाली तण कमी येतं ते आम्ही रोज बघतो.

डॉ_गुरांचे
मी जनावरांचा डॉक्टर, दिंडोरी-सिन्नर भागात काम करतो. निफाडच्या दादांच्या प्रश्नाला माझ्याकडून: चांगल्या जमिनीवर अर्धा एकर नेपियर किंवा मका असेल तर ते माळासाठी चांगलंच आहे, तेवढा माळावरचा बोजा हलका होतो. वाईट वाटतं ते मुरमाड माळ फोडून, ट्रक-ट्रक माती ओतून, बोअरचं पाणी देऊन तिथे चारा करतात तेव्हा. दोन-चार वर्षांनी बोअर आटतं, नेपियरही जातं आणि पवन्या काही परत येत नाही.

ताई तुम्ही जमिनीच्या वरचं मोजलंत, मी खालचं सांगतो. पुढच्या खेपेला एक काडी घेऊन शेणाचा पो उलटून बघा. मी राखलेल्या माळावर सप्टेंबरात, गुरं चुकून घुसली होती तेव्हा, एका पोखाली बघितलं होतं. वरून सुकलेली पापडी, बोटाएवढी भोकं, आणि उलटला तर खालची माती चाळल्यासारखी भुसभुशीत, काळे चकचकीत भुंगे तिरके तिरके आत पळतायत, एकाने शेणाची सुपारीएवढी गोळी ओढून बिळाच्या तोंडाशी आणलेली. दोन-तीन दिवसांत अख्खा पो जमिनीत गेलेला असतो. पण ज्या गोठ्यात सगळ्या जनावरांना सरसकट आयव्हरमेक्टिन हे जंतांचं औषध टोचतात त्यांचं शेण माळावर पडलं तर ते औषध शेणातून उतरतं आणि भुंग्यांच्या अळ्या त्यात मरतात. पो महिनाभर तसाच पडून राहतो, खालचं गवत पिवळं पडतं. मी शेतकऱ्यांना सांगतो, शेण तपासून ज्या जनावराला जंत आहेत त्यालाच द्या. औषधाचाही खर्च वाचतो. वापराचा जोर मोजताना चराई, कापणी, खत मोजतात तसं आपल्याकडे हे औषधही मोजायला पाहिजे असं माझं मत.

नांदूरचीपाखरं
डॉक्टर, गिधाडांचं डायक्लोफिनॅक आठवलं, जनावरांना दिलेलं ते वेदनाशामक मेलेल्या गुरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जायचं. २००६ ला जनावरांसाठी बंद झालं तोवर किती गिधाडं गेली.

अंजनेरीप्रेमी
पश्चिमेकडचं थोडं. इगतपुरी-त्र्यंबकला पाऊस सिन्नरच्या कितीतरी पट, तिथले सडे म्हणजे कातळावर वीतभरसुद्धा माती नाही अशी जागा. अंजनेरीच्या पठारावरून कंदीलपुष्पाची एक नवी जात २००६ मध्ये जगापुढे आली, तिच्या नावातच अंजनेरी आहे. हिचा कंद त्या पातळ मातीत असतो. तिथे प्रश्न गुरांपेक्षा पायांचा आहे, शनिवार-रविवारी पाऊलवाट सोडून लोक फुलात बसतात, माती घट्ट होते आणि पुढच्या वर्षी त्या जागी कंद फुटतच नाही. म्हणजे जोर हा प्रत्येक माळावर वेगळ्या रूपात येतो. सड्यावर चार माणसांचं रोजचं बसणंही जास्त होतं.

मेंढपाळाचा_पोरगा
मी नांदगावचा, घरात दोनशे मेंढरं होती, आता ऐंशी राहिलीत. सगळं वाचलं. पहिल्यांदा कुणीतरी मेंढरावाल्याला शिव्या न घालता माळावर बोलतंय म्हणून लिहायचं धाडस करतो.

आमच्या आज्याच्या तोंडी माळाला माळ म्हणणं नव्हतंच, प्रत्येक माळाला नाव. पवन्याचा माळ, कुंद्याची खोरी, मारवेलीचं टेपाड, एक होतं ससेवाडी. नाव ऐकलं की कळायचं तिथे कधी जायचं. पहिला पाऊस झाला की महिनाभर पवन्याच्या माळात मेंढरू घालायचं नाही हा नेमच, कोंब धरू द्यायचा, तोवर खडकाळ टेपाडावर फिरायचं. कुसळीच्या माळात कुसळ यायच्या आत जाऊन चारून घ्यायचं, कारण कुसळ एकदा आलं की लोकरीत शिरतं, मग कातडीत, डोळ्यात. तुम्ही कुणी कुसळ तळहातावर घेऊन त्याच्यावर थुंकी लावून बघितलंय का? ते आपोआप गरगर फिरतं. ओल लागली की पीळ सुटतो, वाळलं की परत पीळ बसतो, असं करत करत ते बी स्वतःला जमिनीत घुसवतं. मेंढराच्या अंगातही तसंच घुसतं. दिवाळी झाली की आम्ही वाटेत काळ्या रानांत खतासाठी मेंढरं बसवत, घाट उतरून कोकणात, थेट पावसाळ्याच्या तोंडाला परत. तेवढा काळ माळ मोकळा.

आता नावं गेली. सगळ्याला गायरानच म्हणतात. वाट राहिली नाही, एका बाजूला कंपाउंड, एका बाजूला हायवे, एका बाजूला बंदी. मेंढरं कमी झाली पण उरलेली सगळी एकाच तुकड्यावर बारा महिने. माळ तसाच राहिला असता जर आम्हाला फिरू दिलं असतं, हे मी आज्यासाठी लिहितोय.

आणि अजून एक. आमच्या गावच्या माळावर एका योजनेत पाणी अडवायला सलग चर खोदले आणि ग्लिरिसिडियाची झाडं लावली. ज्या मातीवर पवन्याचं थोंब होतं तीच माती उकरून बांधावर टाकली. फलक लागला हिरवंगार म्हणून. तिथे आता मेंढरू पण नाही आणि चंडोल पण नाही.

कुरणवेडा
दादा, तुमच्या आज्याचा नेम आणि त्या १५० कुरणांमधून आलेलं दुसरं एक निरीक्षण बरंच जुळतंय. २०१४ साली त्यांनी ४९ गटांचे जीव घेऊन बघितलं होतं. वापराचा जोर वाढला की एकूण विविधता घटते, दुर्मिळ जातींची सगळ्यात जास्त. पण जिथे वर्षागणिक जोर बदलत राहिला, एखाद्या वर्षी जास्त, एखाद्या वर्षी कमी, तिथे सरासरी जोर कमी असेल तर विविधता जास्त मिळाली आणि दुर्मिळ जातींची घसरणही मंदावली. म्हणजे ठरावीक माळ ठरावीक वेळी सोडून देणं, दुसरीकडे जाणं. तुमच्याकडे ते माळांच्या नावातच होतं.

चर आणि झाडांबद्दलही. चराईबंदी केली म्हणजे वापर शून्य झाला असं कागदावर दिसतं, पण माती उकरणं आणि सावली आणणं हा माळासाठी सगळ्यात मोठ्या जोराचा वापर आहे.

सह्यवाट
पण माळरान म्हणजे मुळात तोडलेलं जंगलच ना? झाडं लावली तर ते आधीच्या रूपात जातंय असं नाही का म्हणता येणार? शाळेत तर आम्हाला असंच शिकवलं.

वनरक्षक_निवृत्त
मीही नोकरीत वीस वर्षं असंच समजत होतो आणि माझ्या हाताने माळावर रोपं लावलीत. जिथे तोडलेलं जंगल आहे तिथे झाडं लावाच. पण ममदापूरला जाऊन बघा, काळवीट मोकळ्यावर उभं राहून दुरून लांडगा हेरतं, दाट झाडीत त्याला ते जमत नाही. धाविक, माळटिटवी उघड्या जमिनीवर अंडी घालतात. हे प्राणी काय काल-परवा इथे आले नाहीत.

कुरणवेडा
२०२५ मध्ये यावर एक सुंदर अभ्यास आला, जुन्या मराठी ओव्या, लोककथा यांत कोणत्या झाडांचे उल्लेख येतात ते काढून. काटेरी, उन्हात वाढणारी, माळावरचीच झाडं मोठ्या संख्येने निघाली. त्यावरून पश्चिम महाराष्ट्राचे हे माळ किमान ७५० वर्षं तरी माळच आहेत असं त्यांनी मांडलं. सरकारी कागदावर मात्र यातला बराच भाग पडीक म्हणून लागतो, आणि पडीक म्हटलं की सोलर, एमआयडीसी, रोपवन, काहीही करायला मोकळीक.

सह्यवाट
हे माहीतच नव्हतं. धन्यवाद.

निफाडचा_बागायतदार
आमच्याकडे तर माळ उरलाच नाही, सगळं द्राक्ष आणि कांदा. याचा काही परिणाम लांबच्या माळावर होतो का?

कुरणवेडा
होतो. त्याच जर्मन कुरणांत २००८ ते २०१७ या काळात कीटक-कोळ्यांचं एकूण वजन ६७ टक्के आणि जाती ३४ टक्के घटल्या, आणि आजूबाजूला जितकी शेती जास्त तितकी घसरण जास्त दिसली. कुरणाचा मालक कितीही जपून वागला तरी. म्हणून दादा, तुमच्या बांधावर दोन हात गवत न फवारता राहिलं तरी ते मोलाचं आहे.

निफाडचा_बागायतदार
बांधावर तणनाशक मी मारत होतो. ओढ्याकडच्या बांधावर यंदा नाही मारत. बघू काय येतं.

माळावरची
मंडळी, परत आले. दोन रविवार शेजारच्या दोन गावांत चौकट टाकली. तीन गायरानं झाली, तिन्हीत तीच हरळी, तोच टाकळा, तोच तरवड, यादीवर यादी ठेवली तर एक-दोन नावं सोडून सगळं जुळलं. राखलेले तीन माळ मात्र तीन तऱ्हेचे. आमच्याकडे पवन्या जास्त, दुसऱ्या गावात ओढ्याजवळ मारवेल आणि कुंदा, तिसऱ्यात टेकाडावर डोंगरी गवत आणि त्याच्या आडोशाला दीपकाडीची वाळलेली बोंडं. कुरणवेडा, तुमच्या बाजारांचं मला आता कळलं. तीन जागांवरून काही सिद्ध होत नाही हे मला माहीत आहे, पण मी जे बघायला गेले होते ते मला दिसलं.

डॉक्टर, पो पण उलटले. आमच्या माळावर भुंगे होते. गायरानात चार उलटले, एकातच.

चुलत्यांशी बोलले. म्हटलं यंदा सगळा माळ एका दमात कापू नका, एक पट्टा उभा ठेवा, पुढच्या वर्षी पट्टा बदला. ते म्हणाले उभं गवत म्हणजे वणव्याला आमंत्रण, मार्चमध्ये कुणी बिडी टाकली की पट्टाही जाईल आणि शेजाऱ्याची गंजीही. आणि त्या पट्ट्याच्या पेंढ्यांचे पैसे कोण देणार. पेंढ्यांचे पैसे मी देते म्हटलं, ते ऐकून त्यांनाच अवघडल्यासारखं झालं. पण वणव्याला माझ्याकडे उत्तर नाही. काका, काही सांगाल का?

वनरक्षक_निवृत्त
जाळरेषा काढा. पट्ट्याच्या चारी बाजूंनी तीन-चार मीटर गवत बुडापासून कापून, झाडून मोकळं करा. डिसेंबरातच, गवत पूर्ण कडक व्हायच्या आत. रस्त्याकडची बाजू आधी करा, आग तिकडूनच येते. आणि पट्टा ओढ्याच्या अंगाला ठेवा.

मेंढपाळाचा_पोरगा
जाळरेषेत फुटवा आला तर चारायला मेंढरं लागतील ना, ती माझ्याकडे आहेत. दोन दिवसात साफ. मी वाड्यासकट, म्हणजे सगळं बिऱ्हाड नि मेंढरं घेऊन, येऊ शकतो, वाटेतच आहे.

माळावरची
चुलत्यांना विचारलं. म्हणाले मेंढरं बसवायची तर खालच्या कांद्याच्या रानात एक रात्र बसवून जा, धान्य देतो. पट्टा ओढ्याकडचा ठरला, चाळीस पावलं रुंद, आज दोरी लावून खुणा केल्या.

वनरक्षक_निवृत्त
येत्या रविवारी मी येतो. सिन्नर स्टँडवर किती वाजता?

माळावरची
आठ वाजता या काका. विळे घरचे आहेत, डबा तुमचाही आणते.